सेल्सफोर्समध्ये रेकॉर्ड एकमेकांना जोडताना: कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

सेल्सफोर्समध्ये, म्हणजे ग्राहक आणि विक्रीच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ‘हे रेकॉर्ड त्या रेकॉर्डला लिंक कर’ या वाक्याचे दोन अर्थ होतात, आणि बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिला अर्थ नात्याचा. हा कॉन्टॅक्ट (माणूस) अमुक अकाउंटचा (ग्राहक कंपनीचा), ही ऑपॉर्च्युनिटी (होऊ घातलेली विक्री) तमुक अकाउंटची. हे नातं लूकअप किंवा मास्टर-डिटेल फील्डमध्ये साठतं (दोन्हींतला फरक टप्पा ३ मध्ये), रिलेटेड लिस्टमध्ये, म्हणजे पानावरच्या जोडलेल्या रेकॉर्डच्या यादीत, उमटतं आणि रिपोर्टमध्ये वापरता येतं. दुसरा अर्थ पत्त्याचा. ईमेलमध्ये, एक्सेलमध्ये किंवा चॅटवर अशी लिंक हवी की ती दाबली की नेमकं ते रेकॉर्ड उघडेल. ही झाली वेब पत्त्याची लिंक.

अनेक ठिकाणी कॉन्टॅक्टच्या एखाद्या टेक्स्ट फील्डमध्ये अकाउंटचा वेब पत्ता चिकटवलेला असतो आणि ‘लिंक केलंय’ असं समजून काम बंद होतं. माणसाला ती लिंक दिसते, सिस्टिमला मात्र त्यात काहीच नातं दिसत नाही. महिनाअखेरीला रिपोर्ट काढला की त्या अकाउंटखाली कॉन्टॅक्ट शून्य. उलटही होतं. नातं नीट असतं, पण व्यवस्थापकाला पाठवलेल्या ईमेलमधली लिंक सँडबॉक्सची, म्हणजे चाचणीसाठीच्या प्रतीची, असते.

हा लेख ॲडमिनसाठी आहे आणि ज्यांच्यावर ‘डेटा तेवढा अपलोड करून टाका’ असं काम येऊन पडतं त्यांच्यासाठीही. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. चौथ्या टप्प्यावर उडी मारून मग दुसऱ्यावर परत येणं फार महाग पडतं.

## टप्पा १: आयडी ओळखायला शिका

सेल्सफोर्समध्ये प्रत्येक रेकॉर्डला स्वतःचा आयडी असतो आणि तो बदलत नाही. नाव बदला, मालक बदला, डिलीट करून रिसायकल बिनमधून परत आणा, आयडी तोच राहतो. जोडणी नेहमी आयडीवर होते, नावावर होत नाही. स्क्रीनवर नाव दिसतं म्हणून आपला गैरसमज होतो.

आयडीची पहिली तीन अक्षरं रेकॉर्डचा प्रकार सांगतात. ००१ म्हणजे अकाउंट, ००३ कॉन्टॅक्ट, ००६ ऑपॉर्च्युनिटी, ५०० केस (ग्राहकाची तक्रार किंवा विचारणा), ००५ युजर. एवढे पाच तरी तोंडपाठ ठेवा. अकाउंट आयडीच्या कॉलममध्ये ००३ने सुरू होणारी ओळ दिसली तर अपलोडच्या आधीच चूक पकडता येते.

आता खरी मेख. एकच आयडी दोन रूपांत भेटतो, १५ अक्षरी आणि १८ अक्षरी. रिपोर्टमधून काढलेला आयडी १५ अक्षरी असतो, डेटा लोडरने (घाऊक डेटा भरायच्या-काढायच्या साधनाने) एक्स्पोर्ट केलेला १८ अक्षरी. १५ अक्षरी रूपात इंग्रजी मोठं आणि लहान अक्षर वेगळं धरलं जातं. म्हणजे दोन निरनिराळ्या अकाउंटच्या आयडींत फरक केवळ इतका असू शकतो की चौदाव्या जागी एकात मोठं ‘के’ आहे आणि दुसऱ्यात लहान. सेल्सफोर्सला ते वेगळे दिसतात. एक्सेलच्या व्हीलूकअपला मात्र ते एकच वाटतात. तो वरून पहिला सापडलेला आयडी उचलतो, कसलीही एरर न देता. कॉन्टॅक्ट भलत्याच अकाउंटला जाऊन चिकटतो आणि अपलोड शंभर टक्के यशस्वी म्हणून हिरवा दाखला मिळतो.

१८ अक्षरी रूपातली शेवटची तीन अक्षरं याच मोठ्या-लहान अक्षरांची नोंद ठेवतात, म्हणून एक्सेलमध्ये कायम १८ अक्षरी आयडी वापरा. रिपोर्टमध्येच तो हवा असेल तर ऑब्जेक्टवर (अकाउंट, कॉन्टॅक्ट अशा रेकॉर्डच्या प्रकारावर) एक फॉर्म्युला फील्ड बनवा आणि त्यात ‘केस सेफ आयडी’ हे फंक्शन लावा. एकदा फील्ड बनवलं की रिपोर्टमध्ये कायमची सोय होते.

तपासा: एक्सेलमध्ये आयडीच्या शेजारी अक्षरं मोजणारं ‘लेन’ फंक्शन लावा. सगळ्या ओळींत १८ आलं पाहिजे. कुठे १९ दिसलं तर शेवटी रिकामी जागा चिकटलेली आहे.

## टप्पा २: बाहेरची ओळख ठरवा

तुमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सेल्सफोर्सचे आयडी नसतात. मग नव्या डेटातला ग्राहक आणि सेल्सफोर्समधलं अकाउंट एकच आहे हे कशावरून ठरवणार? इथे एक्स्टर्नल आयडी कामाला येतो. हे तुम्ही बनवलेलं फील्ड असतं, ज्यावर ‘एक्स्टर्नल आयडी’ आणि ‘युनिक’ अशा दोन खुणा केलेल्या असतात. टेक्स्ट, नंबर, ईमेल आणि ऑटो नंबर या प्रकारच्या फील्डला ‘एक्स्टर्नल आयडी’ची खूण करता येते.

फील्ड बनवायला दोन मिनिटं लागतात. त्यात कोणती किंमत भरायची, याचा विचार करायला मात्र पुरेसा वेळ द्या. लोक काय काय निवडतात आणि त्यात काय बिघडतं, ते पाहा.

नाव. कधीच नाही. ‘गणेश ट्रेडर्स’ पुण्यात असतं, नाशकात असतं, सोलापुरातही असतं आणि तिघांचा एकमेकांशी संबंध नसतो. शिवाय मराठी नावं रोमन लिपीत लिहिताना प्रत्येक जण आपल्या सवयीने लिहितो. चौधरी, देशपांडे, वाघ ही आडनावं एकाच कंपनीच्या याद्यांत निरनिराळ्या स्पेलिंगने सापडतात.

मोबाइल नंबर. छोट्या दुकानात वडील आणि मुलगा दोघांच्या नावापुढे एकच नंबर असतो. कुठे दहा आकडी लिहिलेला, कुठे पुढे ९१ लावून, कुठे मधे जागा सोडून. नंबर बदलतोही. संपर्कासाठी ठीक, ओळखीसाठी नको.

जीएसटी क्रमांक. हा सगळ्यात फसवा पर्याय, कारण दिसायला अगदी पक्का वाटतो. त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०, पुढची दहा अक्षरं पॅन क्रमांकाची. पण एकाच व्यवसायाच्या महाराष्ट्रातल्या पाच शाखा साधारणपणे एकाच नोंदणीखाली असतात. तुम्ही प्रत्येक शाखेचं स्वतंत्र अकाउंट ठेवत असाल तर पाचही अकाउंटवर तोच क्रमांक येणार आणि ‘युनिक’ची खूण दुसरीच शाखा अडवणार. खूण काढून टाकलीत तर अपसर्टच्या (असेल तर अपडेट, नसेल तर नवं, अशा अपलोडच्या) वेळी एका क्रमांकाला अनेक रेकॉर्ड सापडतात आणि ती ओळ एरर देते. शिवाय नोंदणी नसलेले छोटे ग्राहक राहतात ते राहतातच.

माझं मत स्पष्ट आहे. लेखा विभाग किंवा ईआरपी (कंपनीचे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर) ज्या ग्राहक कोडवर बिल काढतं, तो कोड घ्या. तो कंटाळवाणा असतो, वाचून काही कळत नाही, आणि म्हणूनच कोणी त्याला हात लावत नाही. असा कोड अस्तित्वातच नसेल तर आधी तो तयार करा, मग पुढे चला. कॉन्टॅक्टसाठीही तसाच स्वतंत्र कोड असावा.

सावधान: टेक्स्ट प्रकाराचं फील्ड युनिक करताना मोठं-लहान अक्षर वेगळं मानायचं का, असा पर्याय येतो. ग्राहक कोडसाठी वेगळं मानू नका.

## टप्पा ३: नात्याचा प्रकार निवडा

अकाउंट, कॉन्टॅक्ट, ऑपॉर्च्युनिटी यांची नाती तयारच मिळतात. प्रश्न येतो तो कस्टम, म्हणजे तुम्ही स्वतः बनवलेल्या ऑब्जेक्टचा. समजा, पंप विकणारी कंपनी आहे आणि ‘बसवलेला पंप’ असा ऑब्जेक्ट तुम्ही केलात. त्याला अकाउंटशी लूकअपने जोडायचं की मास्टर-डिटेलने?

मास्टर-डिटेलमध्ये चाइल्ड रेकॉर्डला (इथे पंपाला) स्वतःचा मालक नसतो. कोणी पाहायचं, कोणी बदलायचं हे पॅरेंट (इथे अकाउंट) ठरवतो. पॅरेंट डिलीट केला की सगळी चाइल्ड रेकॉर्ड्स जातात. बदल्यात पॅरेंटवर रोल-अप समरी मिळते, म्हणजे पंपांची संख्या, एकूण रक्कम वगैरे. एका ऑब्जेक्टवर अशी दोनच नाती चालतात. लूकअप सैल असतो. चाइल्ड स्वतंत्र जगू शकतो, फील्ड रिकामं राहू शकतं, आणि पॅरेंट डिलीट झाल्यावर काय व्हावं ते तुम्ही ठरवता: फील्ड रिकामं करायचं की डिलीटच होऊ द्यायचं नाही.

शंका असेल तर लूकअपपासून सुरुवात करा. नंतर मास्टर-डिटेल करता येतं, अट एवढीच की तोवर प्रत्येक रेकॉर्डमध्ये पॅरेंट भरलेला असावा. पंपाच्या उदाहरणात मी लूकअपच घेईन आणि डिलीट अडवण्याचा पर्याय निवडेन. पंप जमिनीत बसलेला आहे. कोणीतरी अकाउंट उडवलं म्हणून त्याची वॉरंटीची नोंद नाहीशी होता कामा नये.

टास्क आणि इव्हेंटचं गणित निराळं आहे. त्यांना दोन जोडण्या असतात. ‘नेम’मध्ये माणूस, म्हणजे लीड (अजून ग्राहक न झालेला इच्छुक) किंवा कॉन्टॅक्ट, आणि ‘रिलेटेड टू’मध्ये काम, म्हणजे अकाउंट, ऑपॉर्च्युनिटी, केस. माणसाच्या जागी लीड असेल तर ‘रिलेटेड टू’ भरता येत नाही. फाइलमध्ये दोन्ही भरून ठेवणाऱ्यांना नेमकी तिथेच एरर येते.

## टप्पा ४: फाइल तयार करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. अपलोडच्या वेळी दिसणाऱ्या एररांपेक्षा इथे गुपचूप झालेल्या चुका वाईट असतात.

१. फाइल डबल-क्लिक करून उघडू नका. सीएसव्ही फाइल तशी उघडली की एक्सेल आपल्या मनाने किंमती बदलतो. ००४५१७ हा ग्राहक कोड ४५१७ होतो. ‘१२ई५’ असा कोड असेल तर एक्सेल त्याला बारा लाख समजतो. १५ आकड्यांपेक्षा लांब क्रमांकाचे पंधराव्यानंतरचे आकडे शून्य होतात. डेटा मेनूतून फाइल आत घ्या आणि कोडचे सगळे कॉलम ‘टेक्स्ट’ म्हणून निवडा.

२. सॉर्ट करताना सगळे कॉलम निवडले आहेत याची खात्री करा. एकच कॉलम सॉर्ट झाला तर नावं जागेवर राहतात आणि आयडी हलतात. अशा फाइलला एरर येत नाही, कारण प्रत्येक आयडी खराच असतो, फक्त दुसऱ्याचा.

३. व्हीलूकअप लावताना शेवटच्या जागी नेमक्या जुळणीचा पर्याय, म्हणजे शून्य, द्यायलाच हवा. तो सोडला तर एक्सेल ‘जवळपास जुळणारी’ किंमत देतो. ग्राहक कोडच्या बाबतीत जवळपास म्हणजे शेजारचा ग्राहक.

४. फॉर्म्युले तसेच ठेवू नका. कॉपी करून फक्त किंमती पेस्ट करा आणि मगच सेव्ह करा.

५. मराठी नावं देवनागरीत असतील तर ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ याच प्रकारात सेव्ह करा आणि डेटा लोडरच्या सेटिंगमध्ये यूटीएफ-८ वाचण्या-लिहिण्याच्या दोन्ही खुणा चालू करा. नाहीतर ‘वर्षा’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते, आणि मूळ फाइल हाताशी नसेल तर ते नाव परत मिळत नाही.

६. जुळणी न झालेल्या ओळी वेगळ्या शीटवर काढा. त्या कामाच्या फाइलमध्ये रिकाम्या पॅरेंटसह ठेवू नका. अकाउंट नसलेला कॉन्टॅक्ट सेल्सफोर्समध्ये खासगी मानला जातो. तो केवळ त्याच्या मालकाला आणि ॲडमिनला दिसतो. विक्री विभाग ‘आमचे कॉन्टॅक्ट गायब झाले’ म्हणून ओरडतो तेव्हा पुष्कळदा ते गायब नसतात, नुसते अकाउंटविना लटकत असतात.

सावधान: जुळत नाहीत म्हणून शेकडो कॉन्टॅक्ट ‘कॅश कस्टमर’ नावाच्या एकाच अकाउंटखाली टाकायची सवय आपल्याकडे जुनी आहे. एका पॅरेंटखाली दहा हजारांहून जास्त रेकॉर्ड जमली की शेअरिंगची गणितं मंदावतात आणि रेकॉर्ड लॉक होण्याच्या एरर वाढतात. किरकोळ ग्राहकांना कॉन्टॅक्ट करायची खरंच गरज आहे का, ते आधी विचारा.

## टप्पा ५: भरण्याचा क्रम

पॅरेंट आधी, चाइल्ड नंतर. ऐकायला सोपं आहे, पण घाईत हेच चुकतं. नेहमीचा क्रम असा:

१. युजर. मालकाचा आयडी त्यांच्याकडून येतो. निष्क्रिय केलेल्या युजरच्या नावावर नवं रेकॉर्ड टाकायला गेलात तर ते अडतं.
२. अकाउंट.
३. अकाउंटचं अकाउंटशी नातं, म्हणजे शाखा आणि मुख्य कार्यालय. हे दुसऱ्या फेरीत अपडेट म्हणून करा, कारण पहिल्या फेरीत मुख्य कार्यालयाची ओळ खाली राहिलेली असू शकते.
४. कॉन्टॅक्ट.
५. ऑपॉर्च्युनिटी, मग त्यांचे कॉन्टॅक्ट रोल.
६. केस आणि कस्टम ऑब्जेक्ट.
७. सगळ्यात शेवटी टास्क आणि इव्हेंट.

साधन कोणतं घ्यायचं? ५० हजार रेकॉर्डपर्यंत आणि काम अकाउंट, कॉन्टॅक्ट, लीड किंवा कस्टम ऑब्जेक्टचं असेल तर ब्राउझरमधलं डेटा इम्पोर्ट विझार्ड पुरतं. ऑपॉर्च्युनिटी त्यातून जात नाहीत. त्यासाठी डेटा लोडर.

डेटा लोडरमध्ये इन्सर्टपेक्षा अपसर्ट निवडा. अपसर्ट तुमच्या एक्स्टर्नल आयडीवर शोधतो, सापडलं तर अपडेट करतो, नाही सापडलं तर नवं बनवतो. फाइल चुकून दोनदा चालली तरी डुप्लिकेट होत नाहीत. डेटा लोडरच्या अपसर्टमध्येच पुढच्या पायरीवर पॅरेंट कशावरून ओळखायचा ते विचारलं जातं. तिथे अकाउंटचा ग्राहक कोड निवडलात तर कॉन्टॅक्टच्या फाइलमध्ये सेल्सफोर्सचा आयडी आणायची गरजच उरत नाही. टप्पा चारमधलं व्हीलूकअपचं अर्धं काम वाचतं. एवढी चांगली सोय असताना लोक ती पायरी ‘नेक्स्ट’ दाबून ओलांडतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सगळी फाइल चालवण्याआधी दहा ओळींची फाइल चालवा. त्यात मुद्दाम अवघड ओळी घ्या: देवनागरी नाव, शून्याने सुरू होणारा कोड, एकाच नावाची दोन अकाउंट. दहाही रेकॉर्ड स्क्रीनवर उघडून पॅरेंट बरोबर आहे का ते डोळ्यांनी पाहा. नव्या रेकॉर्डवर ग्राहकांना आपोआप ईमेल पाठवणारे फ्लो असतील तर ते त्याआधी थांबवा.

आता दोन सेटिंगांबद्दल. डेटा लोडर रिकाम्या सेलकडे दुर्लक्ष करतो, जुनी किंमत तशीच ठेवतो. पण ‘इन्सर्ट नल व्हॅल्यूज’ ही खूण चालू असेल तर रिकामा सेल म्हणजे ‘पुसून टाक’. अकाउंटचा कॉलम अर्धवट भरलेली फाइल या खुणेसह चालवलीत तर चांगली जोडलेली नाती सुटतील. दुसरं, बल्क एपीआय (मोठी फाइल बॅच पाडून भरण्याची पद्धत) समांतर चालवताना एकाच अकाउंटचे कॉन्टॅक्ट दोन वेगळ्या बॅचमध्ये गेले तर दोन्ही बॅच त्याच पॅरेंटला लॉक करू पाहतात आणि ‘अनएबल टू लॉक रो’ ही एरर येते. उपाय साधा आहे. फाइल पॅरेंटच्या कॉलमवर सॉर्ट करा, म्हणजे एका अकाउंटच्या ओळी एकत्र पडतील.

तपासा: प्रत्येक फेरीनंतर सक्सेस आणि एरर अशा दोन फाइल मिळतात. एरर फाइल दुरुस्त करून तेवढीच पुन्हा चालवा. सक्सेस फाइल तारखेच्या नावाने जपून ठेवा. त्यात नवे आयडी असतात आणि चुकून बनलेली रेकॉर्ड काढायची झाली तर ती कामी येते.

## टप्पा ६: रोज हाताने जोडताना

विक्रेत्यांना एवढं सांगा. नवा कॉन्टॅक्ट बनवायचा तर आधी अकाउंट उघडा आणि तिथल्या रिलेटेड लिस्टमधून ‘न्यू’ दाबा. अकाउंट आपोआप भरलेलं येतं. कॉन्टॅक्टच्या टॅबवरून बनवला की अकाउंट रिकामं राहतं किंवा यादीतलं पहिलं ‘गणेश ट्रेडर्स’ निवडलं जातं. लूकअपच्या यादीत नावाखाली शहर किंवा कोड दिसेल अशी मांडणी ॲडमिनने करून द्यावी.

लीड कन्व्हर्ट करताना, म्हणजे तिचं अकाउंट आणि कॉन्टॅक्ट बनवताना, ‘नवं अकाउंट’ हा पर्याय समोरच असतो म्हणून तोच दाबला जातो. आधी जुनं अकाउंट शोधायचं आणि सापडलं तर तेच निवडायचं. निम्मी डुप्लिकेट अकाउंट या एका क्लिकमधून जन्मतात, असा माझा अनुभव आहे.

एकच सल्लागार दोन कंपन्यांसाठी काम करत असेल तर त्याचे दोन कॉन्टॅक्ट बनवू नका. एका कॉन्टॅक्टला अनेक अकाउंट जोडायची सोय सेटिंगमधून चालू करा.

लूकअपमध्ये नाव टाकूनही ‘किंमत अस्तित्वात नाही किंवा फिल्टरशी जुळत नाही’ अशा अर्थाचा निरोप येत असेल तर रेकॉर्ड गायब झालेलं नसतं. त्या फील्डवर लूकअप फिल्टर लावलेला असतो, उदाहरणार्थ फक्त सक्रिय अकाउंट दाखवणारा.

## टप्पा ७: दाबून उघडणारी लिंक

लाइटनिंगमध्ये (सेल्सफोर्सच्या नव्या स्क्रीनमध्ये) रेकॉर्डच्या वेब पत्त्यात क्रमाने तुमच्या कंपनीचं डोमेन, ऑब्जेक्टचं नाव, आयडी आणि शेवटी ‘व्ह्यू’ हा शब्द येतो. पत्ता कॉपी करताना ‘व्ह्यू’च्या पुढचं सगळं काढून टाका. कन्सोलमध्ये काम करत असाल तर पुढे उघड्या टॅबचं लांबलचक शेपूट लागतं आणि घेणाऱ्याकडे भलतंच पान उघडू शकतं. शेवटी ‘एडिट’ असलेली लिंक तर कोणाला पाठवूच नका.

कुठे कोणती पद्धत वापरायची, ते थोडक्यात.

रेकॉर्डच्या पानावर. फॉर्म्युला फील्डमध्ये ‘हायपरलिंक’ फंक्शन वापरा आणि पत्ता म्हणून नुसती तिरकी रेघ आणि त्यापुढे आयडी द्या. डोमेन लिहू नका. अशी लिंक सँडबॉक्समध्ये सँडबॉक्सचं आणि प्रॉडक्शनमध्ये (खऱ्या कामाच्या सिस्टिममध्ये) प्रॉडक्शनचं रेकॉर्ड उघडते. मात्र हे फील्ड डेटा लोडरने एक्स्पोर्ट केलं तर सीएसव्हीमध्ये एचटीएमएलचा तुकडा येतो, लिंक येत नाही. एक्स्पोर्टसाठी आयडीच घ्या.

ईमेलमध्ये. इथे पूर्ण पत्ता लागतो, कारण ईमेल सेल्सफोर्सच्या बाहेर उघडतो. क्लासिक ईमेल टेम्प्लेटमध्ये ऑपॉर्च्युनिटी, केस वगैरेंसाठी ‘लिंक’ नावाचं मर्ज फील्ड मिळतं, ते पूर्ण पत्ता देतं. फ्लोमधून ईमेल जात असेल तर एपीआय सर्व्हर यूआरएलचं ग्लोबल व्हेरिएबल घ्या, त्यातला ‘सर्व्हिसेस’च्या आधीचा भाग तेवढा फॉर्म्युल्याने काढून घ्या आणि त्याला तिरकी रेघ आणि आयडी जोडा. डोमेन हाताने टाइप केलेला फ्लो सँडबॉक्समधून प्रॉडक्शनमध्ये गेला की महिनोन्महिने सँडबॉक्सच्या लिंक वाटत राहतो.

एक्सेलमध्ये. एका सेलमध्ये डोमेन लिहा, आयडीच्या कॉलमशी जोडून हायपरलिंक बनवा. उद्या डोमेन बदललं तर एकच सेल बदलावा लागेल. ही शक्यता कागदावरची नाही. विंटर ’२४ रिलीजमध्ये एन्हान्स्ड डोमेन सक्तीची झाली तेव्हा सँडबॉक्ससह अनेक पत्त्यांची रचना बदलली.

सावधान: सँडबॉक्स रिफ्रेश केल्यावर प्रॉडक्शनमधून आलेल्या रेकॉर्डचा आयडी तोच असतो. त्यामुळे चुकीच्या डोमेनची लिंकही अगदी ओळखीचं पान उघडते. लोक तिथे नोंदी करतात आणि पुढच्या रिफ्रेशला त्या पुसल्या जातात. पत्त्यात ‘सँडबॉक्स’ शब्द आहे का, ते आधी पाहायची सवय लावा.

## टप्पा ८: उघडण्याचा अधिकार

लिंक दिल्याने अधिकार मिळत नाही. घेणाऱ्याला त्या ऑब्जेक्टची परवानगी आणि त्या रेकॉर्डपर्यंत पोहोच, दोन्ही हवं. शेअरिंग खासगी असेल तर नागपूरच्या विक्रेत्याने कोल्हापूरच्या सहकाऱ्याला पाठवलेली लिंक ‘पुरेसे अधिकार नाहीत’ असंच सांगेल. लिंक बरोबर आहे, म्हणून ती पुन्हा पुन्हा पाठवून उपयोग नाही. रेकॉर्ड शेअर करा किंवा त्याला अकाउंट टीममध्ये घ्या.

ग्राहकाला आतल्या रेकॉर्डची लिंक कधीच पाठवू नका. त्याला लॉगिनचं पान दिसेल आणि तो तुम्हाला फोन करेल. ग्राहकासाठी पोर्टल असेल तर पोर्टलचा पत्ता द्यावा लागतो, आतला नाही.

फाइलची पब्लिक लिंक हा मात्र वेगळा प्रकार आहे. ती ज्याच्या हाती पडेल त्याला उघडते, लॉगिन लागत नाही. कोटेशन पाठवायला सोयीची. ग्राहकाचा पॅन किंवा करारनामा असेल तर मुदत आणि पासवर्ड लावल्याशिवाय ती बनवू नका.

## टप्पा ९: लिंक उघडत नाही तेव्हा

या क्रमाने पाहा.

१. डोमेन. सँडबॉक्सचं आहे का, जुनं आहे का.
२. आयडीची लांबी आणि पहिली तीन अक्षरं. चॅटवर कॉपी करताना शेवटचं अक्षर सुटणं नेहमीचंच.
३. तीच लिंक ॲडमिनकडून उघडून बघा. त्याला उघडली तर प्रश्न अधिकाराचा.
४. त्यालाही उघडत नसेल तर रिसायकल बिन. डिलीट केलेलं रेकॉर्ड तिथे १५ दिवस राहतं. वेळेत परत आणलं तर आयडी तोच राहतो आणि जुन्या लिंक पुन्हा चालू होतात.
५. लीडची लिंक असेल तर ती लीड कन्व्हर्ट झाली आहे का पाहा. कन्व्हर्ट झालेल्या लीड पाहायला वेगळी परवानगी लागते.
६. रेकॉर्ड मर्ज झालं का, म्हणजे दुसऱ्या रेकॉर्डमध्ये मिसळलं गेलं का.

शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबतो. डुप्लिकेट अकाउंट दिसलं की ते डिलीट करू नका. त्याखालचे कॉन्टॅक्ट आणि ऑपॉर्च्युनिटी त्याच्यासोबत जातात. मर्ज करा. एका वेळी तीन अकाउंट मर्ज करता येतात आणि त्यांच्याखालची नाती आपोआप राखलेल्या अकाउंटकडे सरकतात. आतली नाती सांभाळली जातात, पण बाहेरच्या ईमेल आणि शीटमध्ये अडकलेला जुना आयडी कोणी बदलत नाही.

मर्जमध्ये नाहीशा झालेल्या रेकॉर्डवर ‘मास्टर रेकॉर्ड आयडी’ हे फील्ड असतं आणि त्यात राखलेल्या रेकॉर्डचा आयडी लिहिलेला असतो. ते साध्या एक्स्पोर्टमध्ये येत नाही. डेटा लोडरमध्ये ‘एक्स्पोर्ट ऑल’ वापरलं तर डिलीट झालेल्या ओळीही मिळतात. रिसायकल बिन रिकामं व्हायच्या आत हे करा. मर्जचं काम मोठं असेल तर त्याच दिवशी संध्याकाळी जुना आयडी आणि नवा आयडी अशी दोन कॉलमची फाइल काढून टीमच्या फोल्डरमध्ये ठेवा. ईआरपीमध्ये किंवा शीटमध्ये जिथे जिथे जुना आयडी साठवलाय तिथे त्या फाइलवरून तो बदलून घ्या.